जिवंत माणसाचं चित्र

आमच्या धंद्यात सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे जिवंत माणूस. गेलेल्या माणसाचं चित्र करून घ्यायला घरचे लोक स्वतःहून येतात. लग्नातला फोटो, आधारकार्डावरचा फोटो, जे सापडेल ते पिशवीतून काढतात आणि म्हणतात, कान जरा नीट करा, गळ्यात चेन दाखवा. जिवंत माणसाला मात्र 'तुमचं मोठं चित्र करूया' असं म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. आमच्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमीत बसतो तो देव, नाहीतर मेलेला माणूस. तिथे जिवंत माणूस जाऊन बसला तर तो रांग मोडून पुढे घुसतोय असं लोकांना वाटतं.

आजोबांनी दुकान काढलं ते फोटो फ्रेमचं. देव आणि पितर एवढ्यावर त्यांचं घर चाललं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याची गॅलरी केली. कॅम्पातल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या बायका पडद्याला शोभेल असं काहीतरी मागायच्या, तिथून सुरुवात झाली. मग जांबोटीच्या रानातला पाऊस आला, खानापूरकडची भाताची खाचरं आली, कोल्हापूर-सांगलीचे चित्रकार आले, आणि ती चित्रं अण्णा गाडीत घालून चिकोडी, संकेश्वर, निपाणीच्या घराघरांत नेऊ लागले. विकायची त्यांची एक पद्धत होती. चित्र विकायचं नाही, नुसतं ठेवायचं. "आठ दिवस भिंतीवर असू दे की. न्हाय आवडलं तर मी परत न्हेतो." आठ दिवसांत घराला चित्राची सवय होते आणि ते उतरवलं की भिंत उघडी दिसते. आपलं एकही चित्र परत आलं नाही असं अण्णा आजही सांगतात. रिक्षात मांडीवर धरून परत आणलेली काही चित्रं मला चांगली आठवतात, पण ते जाऊ दे.

बाहेरून बघणाऱ्याला हा धंदा फार निवांत वाटतो. एसी लावून बसायचं, चहा प्यायचा, चित्राकडे बघून मान हलवायची. आत बसणाऱ्याला विचारा. बेळगावच्या पावसात कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते, तिची भीती. मोर्चा निघाला की दर्शनी काचेची भीती. पाटीवरची कन्नड अक्षरं मराठीपेक्षा पुरेशी मोठी आहेत ना, याची भीती. सीमेवर काही बिनसलं आणि कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवल्या की पलीकडे कोल्हापूरचा चित्रकार ओला कॅनव्हास घेऊन उन्हात उभा असेल, त्याची भीती. मी जात्याच भित्री. अण्णा म्हणायचे, "हिला चित्राच्या आधी खिळा दिसतो." काही वर्षांपूर्वी त्यांनी दुकान माझ्या नावावर केलं, तेव्हापासून तर मला खिळ्याशिवाय दुसरं काही दिसेनासं झालं.

तर निपाणीचे आप्पा. जुने तंबाखूचे व्यापारी, जैन घर, एकाच वाक्यात अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी. निपाणी-चिकोडीतली निम्मी घरं त्यांची सोयरी. अण्णांनी या घरांमध्ये उभं आयुष्य काढलं आणि तिथे एकच हट्ट लावून धरला, की चित्र जिवंतपणी करून घ्या. मेल्यावर फोटोवरून केलेलं चित्र म्हणजे फोटोचं चित्र, त्यात माणूस नसतो. सगळे 'बघूया की' म्हणायचे. 'बघूया की' म्हणजे आमच्याकडे 'नाही'. अखेर आप्पांनी होकार दिला तेव्हा ऐंशीच्या घरात होते.

"करूया," ते म्हणाले. "पन एक सांगतो. मी हाय तंवर त्येला हार लागता कामा न्हाय. लोकं येडी असत्यात. हार बघितला की हात जोडत्यात."

"माझ्या दुकानात तरी न्हाय लागायचा, आप्पा," अण्णांनी शब्द दिला.

कोल्हापूरहून चित्रकार यायचा. आप्पा ओसरीवर त्यांच्या जुन्या खुर्चीत बसायचे, आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून ऊन कललं की भर बैठकीतून उठून जायचे. मग चित्रकाराने उरलेलं काम घरी नेऊन पुरं केलं आणि चित्र व्हार्निश आणि फ्रेमसाठी आमच्याकडे आलं. चित्र फार चांगलं झालं होतं. एक हात गुडघ्यावर, डावी पापणी जरा खाली आलेली, आणि तोंड असं की आता काहीतरी खोचक बोलणार. अण्णा येताजाता त्याच्यासमोर थांबायचे. दिवाळीच्या पाडव्याला निपाणीला पोचवायचं ठरलं होतं. ते चित्र आप्पांच्या ओसरीवर लागलं असतं, तर पट्ट्यातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांची भीड चेपली असती. अण्णांचा सगळा जीव त्यात होता.

मधे खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही दुकानातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो. पट्टी कापायचं मशीन, काचेची कटर, हातोड्या, फूटपट्ट्या, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचा हार. आणि एक हार मुख्य भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोला. हा शेवटचा हार आई घालते. ती दुकानात वर्षातून एकदाच येते, ती याचसाठी. त्या वर्षी दसऱ्याआधी भिंत रंगवून घेतली होती. आजोबांचा फोटो आत काढून ठेवला होता आणि त्या रिकाम्या जागी आप्पांचं चित्र टांगलं होतं, कारण व्हार्निश वाळायला हवा तिथेच चांगली येते. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन दिवाळीनंतर. मी पेढे आणायला गेले होते, अण्णा आत मशीनला कुंकू लावत होते. आई स्टुलावर चढली आणि दरवर्षीच्या जागी दरवर्षीसारखा हार घालून, हात जोडून खाली उतरली.

मी परत आले तेव्हा शेजारचे कापडवाले प्रसादाला येऊन गेले होते. जाताना त्यांनी पूजेचा फोटो काढून बाजारपेठेच्या ग्रुपवर टाकला होता, खाली नमस्काराचे दोन हात. बिचाऱ्यांना पूजा छान वाटली एवढंच. मी आत आले, पेढ्यांचा पुडा ठेवला आणि वर पाहिलं. आप्पा आमच्या भिंतीवरून बघत होते आणि त्यांच्या गळ्यात, म्हणजे फ्रेमीला, छातीपर्यंत झेंडूचा हार होता. चित्र चांगलं झालं होतं म्हणून ते जास्त वाईट दिसत होतं. मेलेल्या माणसाची नजर तशी नसते.

मी हाक मारायच्या आत फोन आला. संकेश्वरहून, आमचं जुनं गिऱ्हाईक; फोटो फिरत फिरत तिथवर पोचला होता. "आप्पा कवा गेलं वो? कळवलं सुदिक न्हाय."

अण्णांनी हार काढला. इतक्या हळू काढला की जणू आप्पा झोपलेत आणि त्यांना जाग येईल. मग हार हातात घेऊन ते दुकानभर फिरले. देवाचा उतरवलेला हार निर्माल्यात जातो, मेलेल्याचाही कशात ना कशात जातो. जिवंत माणसाचा उतरवलेला हार कुठे टाकायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी तो कापायच्या मशीनला घातला. मशीनला आधीच एक होता, आता दोन झाले. आई पायरीवर बसली होती. तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण फोनवरचं माझं बोलणं तिने ऐकलं होतं.

"माझ्या हातनं झालं," ती म्हणाली. "माझ्या हातनंच झालं."

दुसऱ्या दिवशी दसरा. अण्णा म्हणाले, हे फोनवर बोलायचं नाही, जाऊन तोंड दाखवायचं. आपट्याची पानं घेतली आणि आम्ही दोघं निघालो. रस्ताभर मी आप्पा काय बोलतील त्याची उजळणी करत होते. गल्लीत वळलो आणि घरासमोर चपलांचा ढीग दिसला. एवढ्या चपला दाराशी कधी असतात ते आमच्यासारख्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग आत हसण्याचा आवाज झाला आणि आठवलं, दसरा आहे, लोक सोनं द्यायला आलेत.

"बर्री, बर्री, या की," आप्पा खुर्चीतूनच ओरडले. "मला मारून आलासा व्हय?"

अण्णा पायावर वाकले. आप्पांनी त्यांना मधेच धरलं. "सकाळपासनं समद्यास्नी सांगायलोय, गेलतो खरं, पन वर जागा न्हाय म्हनून परत आलो." ओसरीवरची माणसं हसली. "चित्र बेस झालंय म्हनायचं. लोकास्नी खरंच वाटलं की." मीही हसले, आणि हसता हसता माझी नजर आप्पांच्या थोरल्या मुलाकडे गेली. तो खांबाला टेकून उभा होता. हातात फोन होता आणि त्यातला तो फोटो दोन बोटांनी मोठा करून तो निरखून बघत होता. हसत नव्हता. मला वाटलं, याला राग आलाय, हा आता आम्हाला धरणार.

दसरा होऊन आठवडाही झाला नसेल, आप्पांच्या छातीत दुखू लागलं. त्यांना बेळगावला आणलं आणि थेट अतिदक्षता विभागात ठेवलं.

"कावळा बसायला आन् फांदी मोडायला एकच गाठ पडली," अण्णा म्हणाले. "त्यात आपला काय संबंध?"

"कावळ्याला मीच बसवला न्हवं," आई म्हणाली.

त्यानंतर आईला समजावणं कोणाच्या हातात राहिलं नाही. ती घरच्या देवांना हार घालेना. फुलं ताटलीत देवांपुढे ठेवायची आणि हात मागे घ्यायची. जेवायला बसली की दोन घासांत उठायची. फोन वाजला की आधी भिंतीला हात टेकायची, मग आमच्या तोंडाकडे बघायची. आप्पांचं काही बरंवाईट झालं, तर ही बाई उरलेलं आयुष्य 'मी माणूस मारला' असं समजून काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुकानाचं काय व्हायचं तेही दिसत होतं. आमच्याकडे चित्र करून घेतलं आणि माणूस गेला, एवढं एक वाक्य त्या पट्ट्यात फिरलं असतं तरी पुरे होतं. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला दुकान दुय्यम होतं. रात्रंदिवस डोळ्यांसमोर आईचे ते मागे घेतलेले हात असायचे.

मी शिकलेली बाई. हारांनी माणसं मरत नाहीत एवढं मला कळतं. तरी मी रोज काहीतरी निमित्त काढून दवाखान्यावरून गाडी नेऊ लागले. वर जायची छाती होत नव्हती. खाली औषधांच्या दुकानासमोर निपाणीची पांढरी गाडी उभी दिसली की जिवात जीव यायचा. गाडी आहे म्हणजे आप्पा आहेत. एकदा गाडी नव्हती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला थांबले आणि मला घरी फोन करवेना. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ना, तसं झालं. मी मनात आप्पांना गल्लीतून नेऊनसुद्धा आले. थोड्या वेळाने गाडी पेट्रोल भरून परत आली.

मग एका दुपारी तीच गाडी आमच्या दुकानासमोर येऊन थांबली आणि थोरला उतरला. मी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी आईकडे. आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना दुकानात टेकली होती. ती उठून उभी राहिली.

"आप्पा?" अण्णांच्या तोंडून एवढंच बाहेर आलं.

"हायत. बरं हाय म्हनत्यात डॉक्टर." तो खुर्चीत बसला. चहा मागवला तो शांतपणे प्याला. मी वाट बघत होते की आता कप ठेवेल आणि बोलायला लागेल. त्याने कप ठेवला, चित्रासमोर जाऊन उभा राहिला, आणि म्हणाला, "काका, चित्र तयारच हाय न्हवं? खाली एक पितळी पाटी बसवा. नाव घाला, जल्मतारीख घाला. त्येच्या म्होरं एक रेघ, आन् रेघंच्या म्होरली जागा मोकळी ठिवा."

त्याने फ्रेमीच्या वरच्या कडेकडे बोट दाखवलं.

"आन् वर हारासाठी दोन आकडं पायजेत. त्या फोटूत हार कसा सरळ बसलाय बघा, तसा बसाय पायजे."

"पन डॉक्टर बरं हाय म्हनतात की," आई म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

"व्हय की, काकू. पन आपन तयार असावं. ऐनवेळच्या गडबडीत चुका हुत्यात."

तो ओरडला असता तर मला कमी भीती वाटली असती. आणि मुद्दाम सांगते, तो वाईट माणूस नव्हता. रोज दवाखान्यातल्या बाकावर झोपत होता, बापाचे पाय चेपत होता. व्यापाऱ्याचा मुलगा, हंगामाच्या आधी पोती आणून ठेवायची सवय. तशीच त्याने ही तयारी धरली होती. तो गेल्यावर मी अण्णांवर तुटून पडले. तारीख मोकळी ठेवलेली पाटी आमच्या दुकानात आजोबांपासून कधी झाली नव्हती. लोकांनी मागितली, तरी अण्णा हात जोडायचे, 'ते तेव्हाचं तेव्हा बघू' म्हणायचे. आणि ज्या माणसाला शब्द दिला त्याचीच पाटी करायची?

"न्हाय म्हटलं तर दुसरीकडनं करून घेईल तो," अण्णा म्हणाले. "आन् मग तिकडच्या एका घरात आपल्याला कोन उभं करनार न्हाय. समदी सोयरी हायत. तुला न्हाय म्हनायचं असंल तर तू म्हन. दुकान तुझ्या नावावर हाय."

मी फोन हातात घेतला, त्याच्या नावापर्यंत गेले आणि ठेवून दिला. आमची दोघांची भीती सारखीच निघाली. पाटी कोरून आली. अण्णांनी ती कोणाला बसवू दिली नाही, स्वतःच स्क्रू पिळले. हाराचे आकडे मात्र त्यांनी बसवले नाहीत. विसरलो म्हणून सांगू, म्हणाले. साठीतला माणूस शाळेतल्या पोरासारखी थाप शोधत होता आणि मला त्याला हसताही येईना.

आप्पा बरे झाले. डॉक्टरांनी घरी सोडलं, आणि निपाणीची वाट धरायच्या आधी त्यांनी गाडी आमच्या दुकानाकडे वळवायला लावली. तसा थोरल्याचा फोन आला, घाईत, दबक्या आवाजात, "काका, आप्पा तिकडं यायलेत. ते जरा आत ठिवा." पण फोन येईपर्यंत गाडी कोपऱ्यावर होती. चित्र भलंमोठं, जाड सागवानी फ्रेम, दोघांनी धरल्याशिवाय हलत नाही. आई आमच्या आधी दुकानात येऊन बसली होती. आप्पांना सोडणार म्हटल्यावर तिने सकाळपासून एकच धरलं होतं, की मला दवाखान्यात न्या, मला त्यांच्या पाया पडायचंय.

आप्पा मुलाच्या खांद्यावर हात टाकून आत आले. अर्धे झाले होते. अण्णा चित्रासमोर उभे राहिले, हात मागे, पाटी पाठीनं झाकलेली. चोरी पकडली जाताना मुलं उभी राहतात तसे.

"सरका की वो," आप्पा म्हणाले. "मला मी बघू दे."

अण्णा हलले नाहीत. मग हलावंच लागलं.

आप्पांनी चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खूश झाले, ते दिसत होतं. मग खाली काहीतरी चमकलं म्हणून वाकले. चष्मा नव्हता. त्यांनी बोट लावलं आणि कोरलेल्या अक्षरांवरून हळूहळू पुढे नेलं. नाव झालं. जन्मतारीख झाली. रेघ आली. आणि रेघेच्या पुढे बोट गुळगुळीत पितळेवरून पाटीच्या कडेपर्यंत घसरत गेलं. ते परत मागे आले आणि तेवढी जागा त्यांनी पुन्हा एकदा चाचपली.

त्या वेळी आईला राहवलं नाही. ती पुढे आली आणि त्यांच्या पायांशी बसली. "आप्पा, हार मी घातलता. मला दिसलं न्हाय. माझ्यामुळं तुम्हाला..."

"आक्का, उठा. उठा आधी." आप्पांना वाकता येत नव्हतं, त्यांनी नुसता हात तिच्या डोक्यावर ठेवला. "तुमच्या हातनं चुकून झालं. चुकून घातलेल्या हारानं कुनी मरत न्हाय. उठा."

आई उठेना. मी तिला धरून खुर्चीत बसवलं. आप्पांचं बोट अजून पाटीवरच होतं.

"ही पन चुकूनच झाली का?" त्यांनी विचारलं. कोणाकडे बघून विचारलं नाही.

थोरला खाली बघत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटलं आता हा बोलेल. मग अण्णाच म्हणाले, "व्हय आप्पा. माझी चूक. आमच्या दुकानाची पद्धतच हाय तशी. समद्या चित्रांना आमी..."

"तुमची पद्धत मला ठावं हाय." आप्पांनी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. भिंतीवर आणखी चार चित्रं होती, एकालाही पाटी नव्हती. त्यांनी ती एकेक करून पाहिली आणि मग मुलाकडे वळले. रागावले नव्हते. घरातलं सामान कुठे लावायचं ते सांगावं तशा आवाजात म्हणाले, "ओसरीवर नगं. तुझ्या खोलीत लाव. पायथ्याकडच्या भिंतीला. सकाळी डोळं उघडलं की दिसाय पायजे."

एवढं बोलून ते गाडीत जाऊन बसले. आईने त्या दिवशी घरी आल्यावर देवांना हार घातले आणि पोटभर जेवली. तिच्यापुरतं ते संपलं. मी तिच्याकडे बघून रडले आणि ती मला म्हणाली, आता का रडायलीस, समदं चांगलं झालं की.

चित्र पोचवायला मी आणि अण्णा गेलो. एवढ्या वजनाचं चित्र लावायला खिळा चालत नाही, भिंतीत भोक पाडून जाड स्क्रू बसवावा लागतो. ते काम अण्णांनी थोरल्याच्या खोलीत केलं. थोरला स्टूल धरून उभा होता, त्याची बायको दाराआडून बघत होती. भिंतीचा चुरा त्याच्या केसांवर पडत होता आणि तो झटकत नव्हता. अण्णांनी खिशात पेचकस ठेवला होता. चित्र लावून झाल्यावर ते ओसरीवर गेले आणि आप्पांना म्हणाले, "पाटी काढून टाकतो. दोन मिंटाचं काम हाय."

"असू दे," आप्पा म्हणाले. मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज दिला, "सरळ बसलंय का रं?"

"व्हय आप्पा," आतून उत्तर आलं. एवढ्या मोठ्या घरचा कर्ता माणूस, पण आवाज पार बारीक झाला होता.

ऊन कलायच्या आत त्यांनी आम्हाला जेवू घातलं. थोरला स्वतः वाढत होता. आप्पा ताटावर बसून तंबाखूच्या भावाबद्दल बोलत होते, चित्राबद्दल एक शब्द नाही. चिकोडीचं कोणीतरी चित्राची चौकशी करत होतं, तुमच्याकडे पाठवून देतो, असंही निघताना म्हणाले. म्हणजे दुकान वाचलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं.

गाडी मी चालवत होते. अण्णा बाजूला बसून होते, मांडीवर पेचकस. तवंदी घाट चढून वर आलो. मग म्हणाले, "एक इचारू?"

"विचारा की."

"माझी पाटी करून ठेवली न्हाईस न्हवं?"

मी हसले. त्यांच्याकडे बघितलं तर ते हसत नव्हते. समोर रस्त्याकडे बघत उत्तराची वाट बघत होते.

"काहीतरीच काय, अण्णा. न्हाय," मी म्हटलं.

ते खरंच होतं. पाटी मी केली नव्हती. पण एवढं म्हणायला मला जरा वेळ लागला, आणि तो त्यांच्या लक्षात आला. त्यांनी मान हलवली आणि काच खाली केली. त्यांचा कोणता फोटो घ्यायचा आणि तो कोणत्या चित्रकाराकडे द्यायचा, हे दुकान माझ्या नावावर झालं त्याच आठवड्यात मी मनात ठरवून ठेवलं होतं.